पाण्यात उतरलं की 'लागते' का?

गेल्या महिन्यात मावशीचा सकाळी आठच्या आत फोन आला. हॅलोही नाही, थेट मुद्दा. "अरे, मला शुगर झालीय बहुतेक."

मावशी ६८ वर्षांची. गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच असहकार पुकारलाय. हाडांच्या डॉक्टरांनी "चालू नका, पाण्यात चाला" असं सांगितल्यावर तिने पालिकेच्या तलावावर सकाळी सातची महिलांची बॅच लावली. पोहता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. तलावाच्या चार फुटी बाजूला पंधरा-सोळा जणी काखेपर्यंतच्या पाण्यात उभ्या राहतात. काठावरून मॅडम हातवारे करून दाखवतात, स्पीकरवर कोळीगीतं लागतात आणि पाऊण तास पाय उचलणं, हात ढकलणं, जागच्या जागी पळणं असं चालतं. वॉटर एरोबिक्स म्हणतात ते हेच.

तक्रार अशी की पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं झाली की तिला लघवीला जावंच लागतं. रोज. घरी असं होत नाही. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, दोन्ही शुगर तपासून झाल्या, दोन्ही व्यवस्थित. मग बॅचमधल्या मैत्रिणींनी निदानं करायला घेतली. एकीचं म्हणणं, गार पाण्याने वात धरतो. दुसरी म्हणाली, वयच झालं आता. तिसरीने तर मोबाइलवर रीलच दाखवली: पाणी शरीरातली 'टॉक्सिन्स' ओढून घेतं आणि ती लघवीवाटे बाहेर पडतात, म्हणून पाण्यातला व्यायाम म्हणजे डिटॉक्स! खाली कसल्याशा पावडरीची लिंक होती, हे सांगायला नकोच.

मला मात्र फोनवरच आनंद झाला. मावशीला झालं होतं ते शरीरशास्त्रातल्या माझ्या सगळ्यात लाडक्या गोष्टींपैकी एक आहे, आणि त्यावर कोणी आपणहून प्रश्न विचारेल अशी मी बरीच वर्षं वाट पाहत होतो.

पाण्यातल्या व्यायामाबद्दल लिहिणारे बहुतेक जण आर्किमिडीजपाशी सुरू होतात आणि तिथेच थांबतात. ते चूक नाही. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर साधारण निम्मंच वजन येतं, छातीपर्यंत गेलं की एक तृतीयांशाच्या आसपास, आणि गळ्यापर्यंत गेलं की जेमतेम एक दशांश. मावशीच्या गुडघ्यांना जो आराम पडतो तो यामुळे. पूर्वी विहिरीत पोरांना पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा नाही तर पत्र्याचा डबा बांधत, तेच काम आता फोमचं नूडल करतं. हातातली फोमची डंबेल मात्र उलटी चालतात. जमिनीवर डंबेल उचलताना कष्ट पडतात, पाण्यात ते खाली दाबताना. शिवाय पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. हात दुप्पट वेगाने ढकलला की विरोध चौपट. म्हणजे हळू करणारीला हलका आणि जोर लावणारीला जड, असा ज्याच्या-त्याच्या मापाचा व्यायाम. हे सगळं छान आहे, पण लघवीचं उत्तर यात नाही.

उत्तर आहे ते पाण्याच्या दाबात. पाणी आपल्याला नुसतं वर उचलत नाही, ते चहूबाजूंनी दाबतही असतं, आणि जितकं खोल जावं तितका हा दाब वाढतो. दर मीटरला पाऱ्याच्या स्तंभातले साधारण ७४ मिलिमीटर. बीपीच्या यंत्रावर आपण १२०/८० म्हणतो ते आकडे याच एककातले. तेव्हा चार फूट, म्हणजे १.२ मीटर पाण्यात मावशीच्या पावलांवर साधारण ८८ मिलिमीटर दाब पडतो. बीपीच्या पट्ट्यात तेवढी हवा भरून ती घोट्याला गुंडाळावी, तसंच काहीसं.

आता हे पाणी क्षणभर बाजूला ठेवू आणि मावशीच्या आत जाऊ. तिची उंची पाच फूट एक इंच. हृदय जमिनीपासून साधारण १.१ मीटरवर. जमिनीवर ती नुसती उभी असते तेव्हा हृदयापासून पावलापर्यंत शिरांमध्ये रक्ताचा एक उभा स्तंभ असतो. रक्त पाण्यापेक्षा किंचितच जड, लिटरमागे १.०६ किलो. १.१ मीटर उंचीच्या या स्तंभाचा पावलापाशी होणारा दाब काढला तर उत्तर येतं साधारण ८६ मिलिमीटर. शिरा पातळ भिंतीच्या, त्यामुळे या दाबाने त्या फुगतात आणि बरंच रक्त पायात साठून राहतं. बसच्या लांबच्या प्रवासानंतर चपला घट्ट होतात, संध्याकाळी मोज्यांचे वळ उठतात, त्यामागे हेच. चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरा पिळून हे रक्त वर ढकलतात, म्हणून चालणाऱ्याचे पाय उभ्या राहणाऱ्यापेक्षा कमी सुजतात.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. आतून ८६, बाहेरून ८८.

मला हे पहिल्यांदा सुचलं तेव्हा वहीच्या मागच्या पानावर पुन्हा गणित करून पाहिलं होतं. पण हा योगायोग नाही. रक्त मुळात बरंचसं पाणीच, त्यामुळे दोघांची घनता जवळपास सारखी, आणि पाण्याची पातळी हृदयाच्या थोडी वर. गुडघ्यापाशी आतला स्तंभ लहान, तर बाहेरचाही तेवढाच लहान. मांडीपाशी दोन्ही आणखी लहान. पायाच्या प्रत्येक इंचाला आतल्या दाबाला बाहेरचा दाब जोडीला जोड मिळतो. डॉक्टर व्हेरिकोज व्हेन्ससाठी जे घट्ट मोजे देतात, त्यांतही घोट्याशी जास्त आणि वर कमी दाब लागतो, तो शिवणीत बसवावा लागतो. तलावात हा मोजा आपोआप, अगदी मापात शिवलेला मिळतो.

फुगलेल्या शिरा अशा मिटल्यावर त्यांतलं रक्त जाणार कुठे? पाय दाबले, पोट दाबलं. छाती मात्र बरगड्यांच्या पिंजऱ्यात, आणि फुप्फुसांतली हवा नाकातोंडावाटे बाहेरच्या हवेशी जोडलेली. म्हणून जागा तिथेच. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९७२ साली माणसांना गळ्यापर्यंत कोमट पाण्यात बसवून मोजमाप केलं, तेव्हा छातीत सुमारे ७०० मिलिलिटर रक्त जास्तीचं आल्याचं दिसलं. अंगातलं एकूण रक्त पाच लिटरच्या आसपास, हे लक्षात घेतलं तर ही मोठी सरकासरकी आहे. हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त फेकतं, तेही त्या प्रयोगात जवळपास एक तृतीयांशाने वाढलं होतं. व्यायाम न करता, नुसतं बसून!

आता हृदयाच्या बाजूने विचार करा. त्याच्या वरच्या कप्प्यांना, म्हणजे कर्णिकांना, कळतं ते एवढंच की आपण ताणले गेलोय. हे रक्त पायातून वर सरकलंय की अंगात खरोखरच जास्त झालंय, हे ओळखायची सोय त्यांच्याकडे नाही. लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत 'कर्णिका ताणल्या' याचा त्यांनी लावलेला अर्थ एकच: अंगात पाणी फार झालं, काढा बाहेर.

ओटो गाउअर आणि जेम्स हेन्री या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात हे दाखवून दिलं. भूल दिलेल्या कुत्र्याच्या डाव्या कर्णिकेत त्यांनी छोटा फुगा फुगवला. रक्त एक थेंबही वाढवलं नाही, फक्त कप्पा ताणला, आणि लघवीची धार वाढली. त्यांचं स्पष्टीकरण असं की कर्णिकेतून मेंदूला निरोप जातो आणि मेंदू मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगणारं संप्रेरक कमी सोडतो. पुढे लक्षात आलं की माणसात गोष्ट एवढी सरळ नाही. मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या अनुकंपी मज्जातंतूंची कुरकुर कमी होते, मूत्रपिंडांतून रक्तात येणारं रेनिन उतरतं, पाठोपाठ मीठ धरून ठेवायला सांगणारं संप्रेरक अल्डोस्टेरॉन उतरतं, त्यामुळे सोडियम धरून ठेवलं जात नाही आणि सोडियमच्या मागोमाग पाणी जातं. (इथे मावशी म्हणाली, "बरं, बरं, पुढे." तुम्हीही म्हणू शकता.)

पण एक दुवा राहतो, आणि तो सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहताना कर्णिकांच्या स्नायूपेशींत बारीक दाणे दिसतात हे १९५० च्या दशकातच माहीत होतं. असे दाणे सहसा संप्रेरकं तयार करणाऱ्या ग्रंथींत असतात. हृदय तर पंप, त्यात यांचं काय काम? १९८१ साली कॅनडात आडोल्फो द बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या कर्णिकांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. थोड्याच वेळात त्या उंदरांना मीठ आणि पाणी भरपूर असलेली लघवी होऊ लागली. हृदय ही एक ग्रंथीही आहे, हे त्या दिवसापासून मान्य करावं लागलं. या संप्रेरकाचं नाव एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड. अर्थ साधाच आहे: कर्णिकेतून निघणारं, सोडियम लघवीत घालवणारं. घरात कोणाला धाप लागते म्हणून डॉक्टरांनी 'एनटी-प्रोबीएनपी' नावाची रक्ततपासणी लिहून दिली असेल, तर ती याच घराण्यातल्या, हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणाऱ्या भावंडाची मोजणी. ताण पडलेलं हृदय ते जास्त सोडतं.

अंतराळवीरांचंही असंच होतं. तिथे पायाकडे ओढणारं गुरुत्वाकर्षण जाणवत नाही, रक्त वर सरकतं, चेहरा सुजतो आणि पाय बारीक दिसू लागतात. म्हणून जमिनीवर राहून अंतराळातलं शरीर अभ्यासायचं तर माणसांना गळ्यापर्यंत पाण्यात ठेवून पाहण्याचे प्रयोग झाले. मावशीला मी म्हटलं, "तू रोज पाऊण तास अर्धी अंतराळात असतेस." तिला हे फार आवडलं. शुगरपेक्षा बरं.

तेव्हा डिटॉक्सवाल्या रीलचं काय? लघवी जास्त होते हे खरं, पण बाहेर पडतं ते मीठ आणि पाणी. पाणी कातडीतून विष ओढत नाही, आणि मूत्रपिंडं जे गाळायचं ते तलावाबाहेरही गाळतच असतात. उलट हे हृदयाची फसगत झाल्यामुळे गेलेलं पाणी आहे, अंगाला ते हवंच होतं. म्हणून काठावर पाण्याची बाटली ठेवायची. गारव्याने वात धरण्याचं म्हणाल, तर गार पाण्यात कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथलंही रक्त आत येतं, म्हणून डिसेंबरात लघवी आणखी होते. म्हणजे काकूंचं निरीक्षण बरोबर, वात बिचारा निर्दोष. आणि पहिल्या वीस मिनिटांतल्या घाईत घरून निघताना घेतलेल्या चहाचाही वाटा असणार, हे मी मावशीला सांगितलं, तिने ते मानलं नाही.

याच यंत्रणेच्या दोन गोष्टी मात्र बॅचमधल्या प्रत्येकीला माहीत हव्यात. पहिली, मनगटावरचं घड्याळ पाण्यात दिशाभूल करतं. ताणलेलं हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त फेकतं, त्यामुळे तेवढ्याच कष्टाला ठोके कमी पडतात, अनेकांत जमिनीपेक्षा दहाच्या आसपास कमी. आकडा गाठायच्या नादात आजीबाई दमछाक करून घेतील. त्यापेक्षा शेजारणीशी बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढी धाप पुरे.

दुसरी जास्त महत्त्वाची आहे, ती म्हणजे बाहेर येणं. शिडी चढताना तो पाण्याचा मोजा काही सेकंदांत उतरतो. रक्त पुन्हा पायात, त्यात पाऊण तासात थोडं पाणीही गेलेलं. मेंदूकडे क्षणभर कमी पोचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीसाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांना तर जास्तच. म्हणून शेवटची पाच मिनिटं उथळ बाजूला चालायचं, पायरीवर थोडं बसायचं, कठडा धरून हळू बाहेर यायचं. आणि ज्यांचं हृदयच कमजोर आहे, पाय सुजतात, रात्री धाप लागते, त्यांच्या बाबतीत छातीत येणारं ते ७०० मिलिलिटर जड पडू शकतं. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, बॅचच्या मॅडमना नव्हे. हाडं ठिसूळ झालेल्यांनी नुसत्या पाण्यावर विसंबू नये हेही ओघाने आलंच, कारण हाडांना भार लागतो आणि पाणी तोच काढून घेतं.

आता उरला तो नाजूक भाग. यंत्रणा सगळ्यांची सारखी, पण बाहेर जाऊन येण्याचा कंटाळा काहींना जास्त असतो. तलावावर नाकात जाणारा तो उग्र वास 'क्लोरीन भरपूर, म्हणजे पाणी स्वच्छ' असं समजून लोक निश्चिंत होतात. खरं तर तो वास बराचसा क्लोरॅमाइन्सचा. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनची गाठ पडली की ती तयार होतात, आणि डोळे चुरचुरतात तेही त्यांच्यामुळेच. वास जितका उग्र, तितकं क्लोरीन नको त्या कामात खर्ची पडलेलं. आधी शॉवर घ्या आणि मोकळं होऊन या, ही पाटी त्यासाठी असते.

पाटी मावशीच्या तलावावरही आहे. महिलांच्या स्वच्छतागृहाला मात्र सकाळी साडेसातपर्यंत कुलूप असतं, किल्ली आठवड्यातले चार दिवस कुठे असते ते कोणालाच माहीत नसतं. बॅच सातची. गेल्या आठवड्यात पंधरा जणींनी सह्या करून अर्ज दिला. मसुदा मावशीचा. त्यात 'एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड' हे शब्द तिने दोनदा घातले होते. मी एकदा खोडले.