जन्मनोंदीतील नाव : दुरुस्ती कशाला म्हणावे आणि बदल कशाला

जन्मनोंदीतील नावासाठी केलेला अर्ज परत येतो, तेव्हा अनेकदा कागद पुरेसे असतात, पण अर्ज चुकीच्या कायद्याखाली केलेला असतो. नोंद लिहितानाच चूक झाली असेल, तर जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, 1969 च्या कलम 15 खाली दुरुस्ती मागावी. नोंद बरोबर आहे पण नाव वा आडनाव आता वेगळे हवे आहे, तर 1990 च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखाली सिव्हिल रजिस्ट्रारकडे जावे लागते.

अर्ज जन्म जिथे नोंदला तिथे करावा. वाळपईत राहणाऱ्याचा जन्म म्हापशाच्या इस्पितळात झाला असेल, तर नोंद म्हापशाला असते, आणि हे न तपासता गावच्या पंचायतीत खेटे घालणारे लोक पाहून वाईट वाटते.

अडचण येते ती पुराव्याची. नोटरीकडचे प्रतिज्ञापत्र म्हणजे अर्जदाराचे स्वतःचेच म्हणणे. तेवढ्यावर विसंबू नये. आधार किंवा पॅन नंतरचे असल्यामुळे मूळ चूक सिद्ध करण्यास फारसे उपयोगी पडत नाहीत. शाळेच्या दाखलनोंदीचा उतारा, आईवडिलांचे जन्म वा विवाहाचे दाखले असे जुने कागद आधी जमवावेत. पोर्तुगीज काळच्या नोंदीत ‘नाईक’ हे आडनाव रोमी (रोमन) लिपीत शेवटी क्यू, यू, ई अशा अक्षरांनी लिहिलेले आढळते. वडिलांचे एक स्पेलिंग आणि मुलाचे दुसरे असेल, तर हे अंतर अर्जातच स्पष्ट लिहावे. चूक केवळ लेखनाची नसून तपशिलाची असेल, तर वस्तुस्थिती ठाऊक असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे निवेदनही लागते.

मंजुरीनंतर मूळ ओळ खोडली जात नाही. जन्म-मृत्यू निबंधक समासात दुरुस्ती लिहून सही व तारीख घालतो. ते पाहून ‘काम अर्धवट झाले’ असे समजू नये.

बाळाचे नाव न घालता नोंद झाली असेल, तर ते कलम 14 चे काम आहे. विलंब शुल्काविना नाव घालण्याची 12 महिन्यांची मुदत नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, जन्मतारखेपासून नव्हे. ती उलटली म्हणजे हक्क गेला, असे मानून पालक विनाकारण हताश होतात. विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत नाव घालता येते.

नावाबरोबर जन्मतारीखही दुरुस्त करायची असेल, तर एक लक्षात ठेवावे : आधारवरील जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून दुरुस्त दाखला हाती येईपर्यंत आधार केंद्रावर घाई करू नये.