आपल्या कार्यक्रमासाठी आवडते सिनेमे निवडताना

एकसष्टी असो, लग्नाचा वाढदिवस असो की सोसायटीचं स्नेहसंमेलन, पडदा, प्रोजेक्टर आणि स्पीकर आम्ही आणतो, लावतो आणि खेळ संपला की आवरून नेतो. सिनेमे मात्र उत्सवमूर्तींनीच निवडायचे. घोडं अडतं ते इथेच.

सोबतच्या फॉर्मवर पाच रिकाम्या ओळी आहेत. त्या भरताना मोबाइल बाजूला ठेवा. ‘सर्वोत्कृष्ट शंभर सिनेमे’ शोधायला गेलात की यादी दुसऱ्याचीच होते. ‘श्यामची आई’ला 1954 साली राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, हे खरंच; पण आपल्या यादीत तो यायचा तर पदकासाठी नको. टीव्हीवर मधूनच लागलेला दिसला, जेवण निवत चाललं तरी चॅनेल बदलवेना, असा सिनेमा पहिल्या ओळीत लिहा.

विनोदी सिनेमा लिहायला लोक उगाच बिचकतात. बेधडक लिहा. 1988 सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ लावला की पुढच्या रांगेतली मंडळी पडद्याच्या आधीच संवाद म्हणून मोकळी होतात. आमचा माणूस आवाज जरा वाढवतो. दुसरा इलाज नाही.

फॉर्मवर एक-दोन-तीन असे आकडे नाहीत, ते मुद्दामच. ब्रिटनमधलं ‘साइट अँड साउंड’ मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. पहिल्या खेपेला ‘बायसिकल थीव्ह्ज’ अव्वल होता, नंतर 1962 ते 2002 सलग पाच वेळा ‘सिटिझन केन’, 2012 ला ‘व्हर्टिगो’ आणि 2022 ला शांताल अकरमन यांचा ‘जान दिलमान’. जाणकारांचाच पहिला नंबर असा बदलतो, तिथे आजी आणि नातवात तो ठरवायला भांडण कशाला?

आता वेळेचं. उघड्या गच्चीवर रात्री दहानंतर स्पीकर लावता येत नाही, आणि उन्हाळ्यात साडेसातच्या आत पडद्यावर नीट दिसत नाही. म्हणजे हातात अडीच तास. ‘सैराट’ 174 मिनिटांचा, तो गच्चीवर बसत नाही; त्यासाठी हॉल घ्या. ‘कोर्ट’ 116 मिनिटांत संपतो, मध्ये चहाही होतो.

सोसायटीच्या खेळाला हक्कधारकांची परवानगी लागते. ती आम्ही मागतो, पण दर वेळी मिळतेच असं नाही, आणि परवानगीशिवाय आम्ही सिनेमा लावत नाही. दाखवायचा एक असला तरी पाच नावं मागतो ती याचसाठी.

नाव आठवत नसेल तर नट, एखादं गाणं, निदान कुठल्या थेटरात पाहिला तेवढं लिहा. पाहुण्यांत मराठी न कळणारे कुणी असतील तर सबटायटल्सच्या चौकोनात खूण करा. फॉर्म कार्यक्रमाच्या किमान तीन आठवडे आधी दुकानात आणून द्या.