पार्श्वभूमी: राज्याचा सैनिक कल्याण विभाग आणि माजी सैनिकाची बदलती व्याख्या

अग्निपथ योजनेखाली चार वर्षांसाठी सैन्यात भरती झालेल्या अग्निवीरांची पहिली तुकडी सेवा पूर्ण करून २०२६ च्या अखेरीपासून गावी परतू लागेल, तेव्हा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या नोंदवहीत त्यांना स्थान द्यायचे की नाही, हा प्रश्न महाराष्ट्राच्या सैनिक कल्याण विभागापुढे उभा राहणार आहे. त्याचे मूळ अग्निपथ योजनेच्या कितीतरी आधीचे आहे.

या यंत्रणेचा आरंभ पहिल्या महायुद्धाच्या अखेरचा. युद्धकाळात भरतीसाठी उभारलेल्या व्यवस्थेचेच १९१९ मध्ये परतलेल्या सैनिकांची आणि मृतांच्या कुटुंबांची काळजी घेणाऱ्या मध्यवर्ती मंडळात रूपांतर झाले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एकाच गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले, यावरून आपल्याकडच्या गरजेची कल्पना येते. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत मंडळे निघाली आणि त्यांचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे आले; ती पद्धत आजही टिकून आहे. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन ठरला आणि निधीसंकलनाचे कामही याच साखळीकडे आले. १९७५ मध्ये मध्यवर्ती मंडळाला केंद्रीय सैनिक बोर्ड हे आजचे नाव मिळाले.

स्वातंत्र्यानंतर ठरलेली विभागणी अशी, की सैन्य हा केंद्राचा विषय, मात्र निवृत्त सैनिकाचे घर, शेती, मुलांचे शिक्षण आणि नोकरी हे सारे राज्याच्या अखत्यारीत. त्यामुळे कार्यालये राज्याची, खर्चाचा काही वाटा केंद्राचा आणि अधिकारी लष्करातून निवृत्त झालेले, अशी दुहेरी रचना घडली. आपल्या विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि मंत्रालयात तो सामान्य प्रशासन विभागाच्या अखत्यारीत येतो. या रचनेची मर्यादा रोजच्या कामात दिसते. २०२० मध्ये मालमत्ता करमाफीचा लाभ, जो पूर्वी शौर्यपदकधारक आणि सैनिकांच्या विधवा यांच्यापुरता होता, तो सर्व माजी सैनिकांना देण्याचे ठरले. पण कर आकारणारी ग्रामपंचायत वेगळ्या विभागाची, शहरातील महापालिका आणखी वेगळ्या विभागाची, आणि सैनिक कल्याण कार्यालयाच्या हाती पात्रतेचा दाखला देण्यापलीकडे फारसे काही नाही. केंद्राने २००४ मध्ये संरक्षण मंत्रालयात माजी सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग केला, तशी स्वतंत्र ताकद राज्यातील विभागाला मिळायला हवी होती, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

मात्र हा दाखला कोणाला द्यायचा, हाच खरा वादाचा विषय ठरला. माजी सैनिकाची व्याख्या केंद्र ठरवते, राज्ये ती स्वीकारतात, आणि ती सैनिक कोणत्या तारखेला सेवेतून मुक्त झाला यावर अवलंबून असते. १ जुलै १९६६ पूर्वी मुक्त झालेल्यांसाठी नियम उदार होता: कोणत्याही हुद्द्यावर, लढाऊ किंवा बिगरलढाऊ सेवा केलेली असावी आणि गैरवर्तन अथवा अकार्यक्षमतेमुळे काढून टाकलेले नसावे, एवढेच पुरे होते. त्यानंतरच्या टप्प्यांत किमान सहा महिन्यांच्या सेवेसारख्या अटी आल्या. १ जुलै १९८७ पासून मात्र निवृत्तिवेतन हा मुख्य निकष झाला. अपवाद राहिले ते वैद्यकीय कारणाने किंवा सैन्यातील संख्याकपातीमुळे मुक्त झालेल्यांचे, आणि ठरलेली मुदत संपवून उपदान (ग्रॅच्युइटी) घेऊन बाहेर पडलेल्यांचे.

त्या वेळी हा निकष तर्कशुद्ध वाटला असणार. पूर्वी जवान थोडी वर्षे प्रत्यक्ष सेवेत आणि उरलेली राखीव दलात काढत असे. सत्तरच्या दशकात प्रत्यक्ष सेवेची मुदत वाढली आणि १५ वर्षे भरून निवृत्तिवेतन घेणारा जवान हा सर्वसाधारण नमुना झाला. पण नियम नमुन्यावर बेतला, की नमुन्याबाहेरची माणसे उंबऱ्यावर अडतात. जिल्हा कार्यालयाचा कल्याण संघटक तालुक्याच्या गावी दौऱ्यावर येतो, तेव्हा समोर ठेवलेल्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवामुक्तीच्या नोंदपुस्तकात, तो आधी सेवेचा कालावधी आणि मुक्ततेचे कारण पाहतो. तिथे ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असा शेरा असेल आणि निवृत्तिवेतन आदेश जोडलेला नसेल, तर दहा वर्षे सीमेवर काढलेल्या माणसालाही ओळखपत्र मिळत नाही. ओळखपत्र नाही म्हणून शासकीय नोकरीतील १५ टक्के समांतर (प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच मोजले जाणारे) आरक्षण नाही, मुलांना शिष्यवृत्ती नाही, सैनिकी वसतिगृहात प्रवेश नाही. आईच्या आजारपणामुळे किंवा घरच्या शेतीपायी सेवा सोडावी लागलेल्या माणसाला हा नियम शिक्षेसारखा वाटतो, आणि तसे वाटणे रास्त आहे.

विशेष म्हणजे, ज्यांच्यासाठी ही कार्यालये मुळात उघडली, ते निवृत्तिवेतनधारक नव्हतेच. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख लोक होते आणि युद्ध संपताच त्यांतील बहुसंख्य कोणत्याही निवृत्तिवेतनाविना घरी आले. महाराष्ट्र शासन त्या युद्धातील हयात सैनिकांना आणि विधवांना दरमहा मानधन देत आले आहे, आणि त्यात वेळोवेळी वाढही झाली. म्हणजे निवृत्तिवेतन नसलेल्याचीही जबाबदारी राज्याची आहे, हे तत्त्व विभागाने एका पिढीपुरते मान्य केले आणि १९८७ नंतरच्या पिढ्यांना लागू केले नाही. ही विसंगती कोणत्याही आदेशात सकारण मांडलेली दिसत नाही.

इतर राज्यांनी व्याप्तीचा प्रश्न आपापल्या परीने हाताळला. हरियाणाने निमलष्करी दलांच्या जवानांनाही विभागाच्या नावात आणि कामात सामावून घेतले. महाराष्ट्रात राज्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याच्या अटीमुळे काही लाभांची व्याप्ती उलट मर्यादित झाली. सेवाकाळात देशभर फिरलेल्या कुटुंबाला ती सिद्ध करणे सोपे नसते.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने या सगळ्यावर नवा ताण आणला आहे. अग्निवीराला सेवानिधी, म्हणजे सेवेअखेर एकरकमी रक्कम, मिळते; निवृत्तिवेतन किंवा उपदान मिळत नाही, आणि त्याला माजी सैनिकाचा दर्जा नसेल, हे भरतीच्या अटींतच नमूद आहे. कायम सेवेत घेतले जाणारे जास्तीत जास्त २५ टक्के. उरलेले वयाच्या पंचविशीच्या आसपास परततील, म्हणजे नोकरी, शिक्षण आणि कर्ज यांची गरज सर्वाधिक असलेल्या वयात. त्यांच्यासाठी राज्याला केंद्राची व्याख्या बदलता येणार नाही. पण वसतिगृहे, शिष्यवृत्ती आणि राज्यसेवेतील आरक्षण हे निर्णय राज्याच्या हातातले आहेत. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या मानधनासारखी वेगळी नोंदवही अग्निवीरांसाठी उघडायची असेल, तर त्यासाठी शासन निर्णय पहिली तुकडी परतण्याआधी निघावा लागेल.