रक्त एकदाच दिलं, परवानगी कशाकशाची?

रुग्णाच्या शरीरातून काढलेलं ऊतक कोणाचं, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणी फारसा विचारत नसे. शस्त्रक्रियेनंतर उरलं ते टाकाऊ. संशोधकाच्या कामी आलं तर बरंच, असा समज होता. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी याच समजातून, त्यांना न विचारता, प्रयोगशाळेत गेल्या. लॅक्स त्याच वर्षी वारल्या. पेशी मात्र वाढतच राहिल्या, 'हेला' या नावाने जगभर गेल्या आणि विकल्याही गेल्या. कुटुंबाला हे कळायला सुमारे दोन दशकं लागली. १९४७ ची न्युरेंबर्ग संहिता तेव्हा होतीच. पण ती माणसांवरच्या प्रयोगांसाठी. ओळख पटू शकेल अशा नमुन्यांवरचं कामही माणसांवरचंच संशोधन आहे, हे हेलसिंकी जाहीरनाम्यात (डॉक्टरांच्या जागतिक संघटनेच्या संशोधन-नीतीच्या नियमांत) स्पष्टपणे यायला २००० साल उजाडलं.

मालकीचा प्रश्न कोर्टात गेला तो जॉन मूर यांच्यामुळे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात रक्ताच्या कर्करोगासाठी त्यांची प्लीहा काढली, पुढे अनेक वर्षं तपासणीच्या नावाखाली नमुने घेतले आणि १९८४ मध्ये त्यांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या वाणावर कॅलिफोर्निया विद्यापीठाला पेटंट मिळालं. १९९० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, डॉक्टरांनी आपला आर्थिक हितसंबंध सांगायला हवा होता. मात्र काढून घेतलेल्या पेशींवर मूर यांची मालकी राहत नाही. तसा हक्क दिला तर संशोधन अडेल, ही न्यायालयाची धास्ती. म्हणजे पेशी पेटंटधारकाची मालमत्ता होऊ शकते, ज्याच्या शरीरात वाढल्या त्याची नाही! हा तर्क मला आजही पटत नाही.

तरीही इथवर वाद एका माणसाचा आणि एका डॉक्टरचा होता. जनुकशास्त्राने तो विस्कटला. माझ्या रक्तात माझ्या भावंडांची, मुलांची, पूर्वजांचीही माहिती असते. मग सही माझ्या एकट्याची कशी पुरेल?

अमेरिकेत ग्रँड कॅन्यन या दरीच्या तळाशी राहणाऱ्या हवासुपाई या मूलनिवासी जमातीत मधुमेहाचं प्रमाण फार. १९९० पासून अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांचं रक्त गोळा केलं. तोंडी बोलणं मधुमेहाचं. संमतीपत्रातले शब्द मात्र कितीतरी सैल, त्यात वर्तनविषयक आजारही बसत. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, रक्तसंबंधातून होणारी संतती आणि पूर्वजांचं स्थलांतर यांवर काम झालं. आपली उत्पत्ती याच दरीत झाली असं मानणाऱ्या लोकांना, तुमचे पूर्वज आशियातून आले, हे त्यांच्याच रक्ताच्या आधारे सांगितलं गेलं. २००३ मध्ये जमातीतल्या एका स्त्रीला विद्यापीठातल्या प्रबंधाच्या सादरीकरणात याचा पत्ता लागला. २०१० मध्ये तडजोड झाली: ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर, आणि नमुने परत. तडजोड झाल्यामुळे संमतीची हद्द कुठवर, यावर निकाल मात्र आलाच नाही.

अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामी लोकांचं दुखणं आणखी वेगळं. मृताचं काहीही मागे उरू नये, ही त्यांची रीत. आणि १९६० च्या दशकात घेतलेलं त्यांचं रक्त अमेरिकेतल्या शीतपेट्यांत पडून होतं. २०१५ मध्ये नमुने ब्राझीलला परत आले, तेव्हा त्यांनी ते मातीत ओतून पुरले.

नाव पुसलं की प्रश्न मिटतो, ही पळवाट बराच काळ चालली. २०१३ मध्ये संशोधकांनी बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरच्या खुणा वंशावळीच्या वेबसाइटींशी ताडून 'निनावी' जनुकीय माहितीतल्या माणसांची आडनावं शोधून दाखवली. त्याच वर्षी हेला पेशींचा जनुकसंच कुटुंबाला न विचारता प्रसिद्ध झाला; गदारोळानंतर ती माहिती कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत कुटुंबीयांना जागा मिळाली.

आता मोठ्या जैवपेढ्या, म्हणजे संशोधनासाठी लोकांचे नमुने आणि माहिती साठवणाऱ्या संस्था, 'व्यापक संमती' घेतात: पुढचं कुठलंही आरोग्य-संशोधन चालेल, हवं तेव्हा माघार घ्या. ब्रिटनच्या यूके बायोबँकेत २००६ ते २०१० दरम्यान ५ लाख लोक याच अटीवर आले. पण आधीच झालेल्या विश्लेषणातून कोणाला मागे ओढता येत नाही. नातेवाइकाच्या हक्काचा विचार केला तो आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने. तिथल्या १९९८ च्या कायद्याने नागरिकांच्या आरोग्यनोंदी, कोणी नकार कळवला नाही तर, एका केंद्रीय पेढीत जाणार होत्या. एका मुलीने आपल्या मृत वडिलांच्या नोंदींना हरकत घेतली. त्यांतून माझ्याबद्दलही अनुमान निघतं, हे तिचं म्हणणं २००३ मध्ये मान्य झालं, आणि ती पेढी कधी उभी राहिलीच नाही.