एका सेवेत दोन कंटेनर: तुमच्या वेबसाइटसाठी आम्ही काय मांडतो

गणपती जवळ आले की मोदकांच्या ऑर्डरींचं पान गजबजतं आणि अनंत चतुर्दशीनंतर तिकडे कुणी फिरकत नाही. अशा धंद्यासाठी वर्षभर सर्व्हर चालू ठेवणं म्हणजे रिकाम्या गाळ्याचं भाडं भरणं. म्हणून आम्ही गूगलचं क्लाऊड रन, म्हणजे वेबसाइट गूगलच्या सर्व्हरवर चालवायची सोय, सुचवतो. गर्दी वाढली की ते सेवेच्या प्रती वाढवतं, कुणीच आलं नाही तर शून्यावर आणतं. सर्व्हर मुंबई विभागातलाच निवडतो. त्या विभागाचं नाव एशिया-साऊथ-१.

२०२३पासून इथे एका सेवेत एकाहून अधिक कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या गोष्टींचा एकत्र बांधलेला डबा) ठेवता येतात, जास्तीत जास्त दहा. आम्ही सहसा दोनच ठेवतो: पुढे एनजिनएक्स, म्हणजे विनंत्या घेऊन आत पाठवणारा वेब सर्व्हर, मागे तुमचं ॲप. बाहेरची विनंती फक्त एकाच कंटेनरकडे, इथे एनजिनएक्सकडे, येते; पोर्ट (विनंती आत येण्याच्या दाराचा क्रमांक) कमांडमध्ये त्यालाच द्यायचा. ॲप एनजिनएक्सशी लोकलहोस्टवरून, म्हणजे आतल्या आत, बोलतं. दोघांचं नेटवर्क एकच असल्यामुळे दोघांना एकच पोर्ट चालत नाही.

तुमच्या माणसाला टर्मिनलवरून काम करायचं असेल, तर कमांड ‘जीक्लाऊड रन डिप्लॉय’ने सुरू होते. आधी सेवेचं नाव आणि विभाग, मग ‘कंटेनर’ हा पर्याय व पहिल्या कंटेनरचं नाव, लगेच त्याची इमेज (ज्यावरून कंटेनर उभा राहतो तो तयार साचा) आणि पोर्ट. पुन्हा ‘कंटेनर’, दुसऱ्याचं नाव, त्याची इमेज. क्रम सांभाळा! ‘कंटेनर’नंतर लिहिलेली इमेज, मेमरी, पोर्ट ही त्याच कंटेनरची धरली जातात. पुढे फक्त ॲप बदलायचं असेल तर ‘सर्व्हिसेस अपडेट’मध्ये ॲपच्या कंटेनरचं नाव घालून नवी इमेज द्या. इंग्रजी अक्षरांतली तयार कमांड तुमच्या फोल्डरमध्ये आम्ही ठेवतोच, तिथूनच उचला.

कंटेनर कुठल्या क्रमाने उठतील याचा भरवसा नसतो. ॲप तयार व्हायच्या आत एनजिनएक्स उभं राहिलं तर पहिल्या गिऱ्हाइकाला एरर दिसतो. म्हणून एनजिनएक्सवर ‘डिपेंड्स-ऑन’ (आधी कोण उठायला हवं ते सांगणारा पर्याय) लावून ॲपचं नाव देतो आणि ॲपला स्टार्टअप प्रोब, म्हणजे ते तयार झालं का याची तपासणी, हीही लावतो. नुसतं ‘डिपेंड्स-ऑन’ पुरत नाही.

‘डेटाबेसही तिसरा कंटेनर म्हणून आत टाका ना’, असं बरेच जण म्हणतात. आम्ही टाकत नाही. प्रत बंद झाली की तिच्यातल्या फाइल्स जातात, आणि पाच प्रती उठल्या तर पाच वेगळे डेटाबेस होतील. ऑर्डरी बाहेरच्या डेटाबेसमध्येच राहू द्या.

बिलात सगळ्या कंटेनरांचा सीपीयू आणि मेमरी एकत्र धरतात. त्यामुळे प्रत्येकाची मर्यादा आम्ही कमांडमध्ये स्पष्ट लिहितो. एनजिनएक्सला ॲपइतकी मेमरी द्यायची काहीच गरज नाही.

बदलानंतर साइट बिघडली तर आधी ‘अपडेट-ट्रॅफिक’ या कमांडने आधीच्या रिव्हिजनवर (सेवेच्या आधीच्या आवृत्तीवर) परत जा, मग आम्हाला फोन करा. रिव्हिजनचं नाव आणि लॉगमध्ये (सेवेच्या नोंदींमध्ये) कोणता कंटेनर एरर देतोय तेवढं सांगा.