पकडा-सोडा मासेमारी : माशाला होणारा ताण व इजा

गळाला लागलेला मासा जिवंत पाण्यात परत सोडण्याची पद्धत. तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. सामान्यतः तिची पाळेमुळे एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये शोधतात. शासकीय नियमन मात्र बहुधा अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, १९५२ च्या सुमारास ट्राउट या थंड पाण्यातील माशासाठी सुरू झाले.

सोडलेला मासा झपकन खोल पाण्यात शिरला म्हणजे वाचला, असे नव्हे. बरेच मृत्यू काही तासांनी होतात. झुंजताना पांढरे स्नायू ऑक्सिजनविना काम करतात, लॅक्टिक आम्ल साठते व रक्ताची आम्लता वाढते. हीच आम्लता मृत्यूला कारण होते, असे पूर्वी मानत. वुड, टर्नर व ग्रॅहम या संशोधकांच्या रेनबो ट्राउट या जातीवरील प्रयोगांत (१९८३) हे स्पष्टीकरण अपुरे ठरले. त्यांनी पेशींच्या आतील आम्लतेकडे बोट दाखवले. हे मत अधिक ग्राह्य वाटते.

दमलेल्या माशाला हवा सर्वांत घातक. पाण्याबाहेर कल्ल्यांची पातळ पटले एकमेकांना चिकटतात व वायूंची देवाणघेवाण जवळजवळ थांबते. फर्ग्युसन व टफ्ट्स यांना (१९९२) पूर्ण दमवलेल्या रेनबो ट्राउटपैकी १२ तासांनंतर ८८ टक्के जिवंत आढळले. ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ६२, तर ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी अवघे २८. हे मासे प्रयोगशाळेतले होते. नदीतील मृत्युप्रमाण पुष्कळदा याहून कमी आढळते. तरीही १० सेकंदांची मर्यादा पाळणे इष्ट. छायाचित्र काढायचेच तर कॅमेरा सज्ज होईपर्यंत मासा पाण्यातच असावा.

तंगूस (गळाची दोरी) पुरेसा मजबूत असावा. बारीक तंगुसाने झुंज लांबते. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच चेपून ठेवला, तर गळ पाण्यातच, लांब चिमट्याने, टोचला त्याच वाटेने उलटा निघतो. हात ओले हवेत. कोरडा हात किंवा गाठींचे जाळे अंगावरचा बुळबुळीत थर खरवडते, आणि तिथे बुरशी धरते. म्हणून बिनगाठींचे रबरी हातजाळे वापरतात. जड मासा जबड्याला धरून उभा लटकवू नये, पोटाखाली दुसरा हात द्यावा. कल्ल्यांत बोटे घालू नयेत.

घशात किंवा जठरात रुतलेला गळ ओढला तर कल्ले, हृदय वा यकृत फाटते. अशा वेळी तंगूस तोंडाजवळ कापून मासा सोडल्यास तो जगण्याची शक्यता वाढते. आमिष लावताना वर्तुळाकार (टोक आत वळलेला) गळ घेतल्यास तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यातच अडकतो. मात्र झटका न देता तंगूस हळूहळू ताणावा लागतो.

गोड्या पाण्यात १० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, २५ अंशांना सुमारे ८. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढते. म्हणून पाणी २० अंशांच्या आसपास पोहोचले की ट्राउटवर गळ टाकणे थांबवावे.

खोल पाण्यातून वर आणलेल्या, बंद वाताशयाच्या (अन्ननलिकेशी न जोडलेल्या, शरीरातील हवेच्या पिशवीच्या) माशांत वायू प्रसरण पावून जठर तोंडाबाहेर येते. ते टोचू नये. वजन लावलेल्या साधनाने मासा पुन्हा खोलवर न्यावा. उथळ पाण्यातील दमलेला मासा तोंड प्रवाहाकडे करून सैल धरावा. पुढे-मागे हलवू नये, कारण उलटे पाणी कल्ल्यांतून नीट वाहत नाही. शेपटीच्या जोराने तो स्वतःहून सुटला की हात काढावा.