कार्यशाळा, फळा आणि बदलाचे नेतृत्व

विद्यापीठातल्या तंत्रज्ञान महाविद्यालयाचा कायापालट करायचा, असे ठरले की बहुधा नव्या प्रयोगशाळा आणि नवे विषय यांचीच चर्चा होते. त्यामागचा खरा वाद दीडशे वर्षे जुना आहे. विद्यार्थ्याने काम करता करता शिकायचे की आधी सिद्धांत पक्का करायचा? दर पिढीने याचे वेगळे उत्तर दिले, आणि पुढच्या पिढीला नूतनीकरणाची गरज भासली ती त्या उत्तरामुळेच.

१८७६ साली फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात मॉस्कोच्या शाही तंत्रविद्यालयाने विद्यार्थ्यांची कामे मांडली होती. लाकडाचे सांधे, लोहारकाम आणि कानस मारून घडवलेले धातूचे तुकडे सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने लावलेले होते. तिथले संचालक व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी शिकण्याची कार्यशाळा उत्पादनाच्या कार्यशाळेपासून वेगळी काढली होती. उमेदवारीत कारागिराच्या हाताखाली जे काम येईल तेवढेच शिकायला मिळे. इथे मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःची जागा, स्वतःची हत्यारे आणि ठरवून दिलेली क्रमवार कामे होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे, म्हणजे एमआयटीचे, अध्यक्ष जॉन रंकल यांनी ही मांडणी पाहिली आणि त्याच वर्षी आपल्या संस्थेत तशा कार्यशाळांची सुरुवात केली. हाताच्या कामाला अभ्यासक्रमात मानाचे पान मिळाले.

पुढे लंबक दुसरीकडे गेला. १९३० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन एमआयटीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी मूलभूत विज्ञानाला बळ दिले. दुसऱ्या महायुद्धातल्या रडारसारख्या कामांत भौतिकशास्त्रज्ञ आघाडीवर राहिले, तेव्हा जुने अभियांत्रिकी शिक्षण तोकडे पडते हे उघड झाले. अमेरिकेतल्या अभियांत्रिकी शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या १९५५ च्या ग्रिंटर अहवालाने अभियांत्रिकीचा पाया गणित व विज्ञानावर घालावा, अशी शिफारस केली. त्याच्या आधीच्या मसुद्यात विज्ञानाकडे झुकलेला आणि व्यवसायाकडे झुकलेला असे दोन स्वतंत्र मार्ग सुचवले होते, पण दुय्यम ठरण्याच्या भीतीने महाविद्यालयांनी ती विभागणी नाकारली. मग सगळेच एका वाटेने गेले आणि प्रत्यक्ष कामाची जागा रिकामी झाली. अमेरिकेत ती भरून काढायला स्वतंत्र तंत्रज्ञान शाळा उभ्या राहिल्या. पर्ड्यू विद्यापीठातली अशी शाळा १९६४ ची. आजच्या तंत्रज्ञान महाविद्यालयांचे मूळ या घडामोडीत आहे हे लक्षात घेतले, की ‘आम्हाला विद्यापीठात दुय्यम समजतात’ ही तिथली जुनी खंत कळते.

माझ्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण अमेरिकेतल्या वूस्टर पॉलिटेक्निकचे आहे. १८६५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत एका इमारतीत वर्ग भरत आणि दुसरीत विक्रीचा माल बनवणारी खरीखुरी कार्यशाळा चाले. शंभर वर्षांनी तिथला अभ्यासक्रम सक्तीच्या विषयांनी गच्च भरला होता. १९६८ च्या अखेरीस अध्यक्षांनी प्राध्यापकांचीच एक छोटी समिती नेमली. समितीने मांडलेल्या आराखड्यावर भरपूर वाद झाले आणि १९७० मध्ये प्राध्यापकांनी मतदान करून तो मंजूर केला. सक्तीचे विषय कमी झाले आणि प्रत्येकाला आपल्या शाखेतला एक प्रकल्प व तंत्रज्ञानाचा समाजाशी संबंध तपासणारा दुसरा प्रकल्प करावा लागू लागला. सत्रे सात आठवड्यांची झाली. शेवटी पात्रता परीक्षा असे. तीत काही दिवस एकच अवघड प्रश्न सोडवायचा आणि मग प्राध्यापकांपुढे बसून आपल्या उत्तराचे समर्थन करायचे. ही परीक्षा ऐंशीच्या दशकात बंद झाली. प्रकल्प मात्र आजही सक्तीचे आहेत.

ते टिकले यामागे मला दोन कारणे दिसतात. बदल प्राध्यापकांनी स्वतः लिहिला होता, त्यामुळे अध्यक्ष बदलले तरी तो पोरका झाला नाही. शिवाय तो वेळापत्रकात आणि पदवीच्या अटींत उतरला होता. महाविद्यालयाच्या प्रमुखाच्या, म्हणजे अधिष्ठात्याच्या, हाती हुकूम फारसा नसतो. विभागांना आपापली स्वायत्तता असते, आणि पदोन्नती शोधनिबंधांवर ठरत असेल तर प्रकल्पांमागे कोण किती वेळ घालवणार? हा प्रश्न बाजूला ठेवून आखलेली योजना कागदावरच राहते.

बाहेरूनही दबाव आला. अमेरिकेतल्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांचे मूल्यांकन करणाऱ्या मंडळाने १९९६ मध्ये नवे निकष स्वीकारले. तोवर कोणते विषय किती तास शिकवले हे पाहिले जाई. आता विद्यार्थ्याला काय करता येते हे दाखवणे आले. २००० मध्ये स्वीडनमधल्या तीन संस्था आणि एमआयटी यांनी सीडीआयओ हा उपक्रम सुरू केला. वस्तूची कल्पना, रचना, निर्मिती आणि वापर हे चारही टप्पे विद्यार्थ्याने अनुभवावेत, हे त्याचे सूत्र.

पर्ड्यूमधल्या १९६४ च्या त्या तंत्रज्ञान शाळेचे २००५ मध्ये महाविद्यालय झाले. २०१४ मध्ये तिथे सगळे महाविद्यालय एकदम न बदलता आधी एका लहान गटावर नवी पद्धत आजमावली गेली. वेगवेगळ्या विषयांच्या प्राध्यापकांनी मिळून शिकवायचे, आणि विद्यार्थ्याने विषयांचे तास भरण्याऐवजी क्षमता सिद्ध करायच्या, अशी ती पद्धत होती. २०१५ मध्ये महाविद्यालयाने पर्ड्यू पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट हे नाव घेतले. नाव बदलण्याआधी वर्ग बदलून पाहिला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. प्राध्यापकांना आपल्याच सहकाऱ्यांचे काम समोर दिसत होते आणि त्यावर आक्षेप घ्यायला, दुरुस्ती सुचवायला जागा होती.